विश्लेषण : विमाने बनवणाऱ्या अभियंत्याची ‘महाकाय’ टेकडी... प्लानित्साचा स्की जम्पिंग उतार कोसळून पुन्हा कसा उभा राहिला?

स्लोव्हेनियातील प्लानित्सा या डोंगरदरीत ३० मार्च २०२५ रोजी डोमेन प्रेव्हत्स या स्लोव्हेनियन खेळाडूने पायांत स्की बांधून तब्बल २५४.५ मीटर अंतर हवेत कापले. स्की उड्डाणाचा हा जागतिक विक्रम. क्रिकेटच्या मैदानावर ८०-९० मीटरचा षटकार पाहून प्रेक्षक उठून उभे राहतात. येथे चेंडू नव्हे, माणूसच त्याच्या जवळपास तिप्पट अंतरावर जाऊन पडतो. किंबहुना पडत नाही, दोन्ही पायांवर उतरतो. याच दरीत १९३६ मध्ये माणसाने पहिल्यांदा १०० मीटरचा टप्पा ओलांडला होता. ज्या टेकडीवरून ती उडी घेतली गेली, तिला आज स्टँको ब्लौदेक यांचे नाव आहे. हे ब्लौदेक मुळात विमानांचे अभियंता. त्यांचे नाव मिरवणारी ही टेकडी एकदा दुर्लक्षामुळे कोसळली, दशकभर तशीच पडून राहिली आणि पुन्हा उभी राहून जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे केंद्र झाली. त्या माणसाची आणि त्या टेकडीची ही कथा.

स्टँको ब्लौदेक कोण होते?

ब्लौदेक यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८९० रोजी इद्रिया येथे झाला. इद्रिया हे पाऱ्याच्या खाणीसाठी जगभर प्रसिद्ध असलेले गाव. आज ते स्लोव्हेनियात आहे. तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते. वडील चेक, आई स्लोव्हेनियन. शालेय शिक्षण ल्युब्लियानात पूर्ण करून ते प्रागला गेले, ते चित्रकला शिकण्यासाठी. पण विसाव्या शतकाचे ते पहिले दशक होते. राइट बंधूंच्या उड्डाणानंतर युरोपातील तरुणांना विमानाने झपाटून टाकले होते. ब्लौदेकही त्याला अपवाद नव्हते. कुंचला मागे पडला आणि यंत्रांचे आराखडे पुढे आले. पहिल्या महायुद्धापूर्वी आणि युद्धकाळात त्यांनी मध्य युरोपातील विमान कारखान्यांमध्ये काम केले. हवा पंखाला कशी उचलते, वजन कुठे असावे, कोन किती असावा, हे त्यांनी पुस्तकांपेक्षा कारखान्यात अधिक शिकून घेतले.

युद्ध संपले, साम्राज्य कोसळले आणि स्लोव्हेनिया नव्या युगोस्लाव्ह राज्याचा भाग झाला. ब्लौदेक ल्युब्लियानात परतले. या शहराने त्यांना दोन रूपांत पाहिले. एक विमाने घडवणारा आणि दुसरा खेळवेडा. ते स्वतः फिगर स्केटिंग करत, थाळीफेक करत. ल्युब्लियानात फुटबॉल रुजवणाऱ्या सुरुवातीच्या मंडळींत त्यांचे नाव घेतले जाते. ‘इलिरिया’ या क्रीडा संस्थेशी ते घट्ट जोडलेले होते. शहरातील इलिरिया जलतरण तलाव १९२९ मध्ये खुला झाला, त्याचा आराखडाही त्यांचाच. खेळाडू हवेत तर आधी मैदाने हवीत, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते.

विमानांचा नाद का सुटला?

युद्धानंतर युगोस्लाव्हियात विमाननिर्मिती हा श्रीमंतांचा नव्हे, तर हौशींचा उद्योग होता. पैसा तुटपुंजा, साहित्य मिळेल ते. अशा परिस्थितीत ब्लौदेक यांनी १९२५ मध्ये ‘स्राका’ नावाचे हलके विमान तयार केले. त्यानंतर १९३० मध्ये ‘ब्लौदेक-१५’ आले आणि पुढे ‘लोयझे’. ही विमाने म्हणजे लहानशा देशातील मोजक्या माणसांनी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी खपून केलेले काम होते. 

त्यांच्या विमानांमागे यानेझ त्सोल्नार या वैमानिकाचा हात होता. ब्लौदेक यांनी कागदावर मांडलेले गणित त्सोल्नार हवेत तपासून पाहत. १९३४ मध्ये ‘लोयझे’ उडवत असताना अपघात झाला आणि त्सोल्नार यांचा मृत्यू झाला. आपण घडवलेल्या यंत्रात आपलाच मित्र गेला, हा घाव ब्लौदेक यांच्यासाठी मोठा होता. त्यानंतर त्यांनी नवे विमान घडवले नाही.

योगायोग असा, की त्याच वर्षी प्लानित्साच्या दरीत एक नवी टेकडी चर्चेत आली होती. पुढची २५ वर्षे ब्लौदेक यांनी माणसाच्या उड्डाणाचाच विचार केला. फरक इतकाच, की आता इंजिन नव्हते, पंख नव्हते. होती ती फक्त उतारावरची गती आणि माणसाचे शरीर.

प्लानित्साची टेकडी नेमकी कोणाची?

प्लानित्सा ही ज्युलियन आल्प्समधील दरी. रातेचे हे लहानसे गाव तिच्या तोंडाशी आहे. ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमा हाकेच्या अंतरावर. उन्हाळ्यातही सावलीत राहणारे उतार आणि भरपूर बर्फ यामुळे हिवाळी खेळांसाठी ही जागा निसर्गतःच योग्य होती.

इव्हान रोझमन या अभियंत्याने येथील डोंगरउतारावर मोठ्या टेकडीचा आराखडा आखला आणि १९३३ मध्ये काम सुरू झाले. युगोस्लाव्ह हिवाळी क्रीडा संघटनेचे सचिव योसो गोरेत्स यांनी या योजनेसाठी संघटना आणि माणसे उभी केली. फेब्रुवारी १९३४ मध्ये पहिली स्पर्धा झाली. त्याच वर्षी २५ मार्चला नॉर्वेचा ऑलिम्पिक विजेता बिर्गर रूड येथे ९२ मीटरवर उतरला. हा तेव्हाचा जागतिक विक्रम.

यानंतर टेकडीची सूत्रे ब्लौदेक यांच्याकडे आली. त्यांनी तिचा आकार वाढवला आणि उतारांची वक्ररेषा पुन्हा आखली. पुढे प्रत्येक हंगामानंतर उड्यांचा अभ्यास करून ते दुरुस्त्या करत राहिले. यामुळे लोकांच्या मनात टेकडी आणि ब्लौदेक हे समीकरण इतके पक्के झाले, की रोझमन यांचे नाव बराच काळ मागे पडले. पाया रोझमन यांचा, बाळसे धरले ते ब्लौदेक यांच्या हातांखाली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. एकाच नावावर सारे श्रेय जमा होण्याची ही गोष्ट मोठ्या बांधकामांच्या इतिहासात नवी नाही.

१०० मीटरचा उंबरठा कसा ओलांडला गेला?

१९३५ मध्ये नॉर्वेचा रायदार आंडरसन प्लानित्सात ९९ मीटरवर पोहोचला. आता एकच मीटर बाकी होता. धावण्यात, पोहण्यात जसे काही आकडे मनावर दडपण आणतात, तसा स्की जम्पिंगमध्ये १०० हा आकडा होता. हे अंतर माणसाच्या शरीराला झेपणारच नाही, असे मानणारे तज्ज्ञ कमी नव्हते.

१५ मार्च १९३६ रोजी ऑस्ट्रियाचा सेप ब्राडल हा अवघ्या १८ वर्षांचा तरुण टेकडीच्या माथ्यावर उभा राहिला. तो उतरला १०१.५ मीटरवर. पायांवर, न पडता. त्या क्षणी स्की जम्पिंगच्या इतिहासाचे दोन भाग झाले, १०० मीटरपूर्वीचा आणि नंतरचा. ब्राडलनेच दोन वर्षांनी येथे १०७ मीटरची उडी घेतली. मार्च १९४१ च्या सुरुवातीला जर्मनीच्या रुडी गेरिंगने ११८ मीटर गाठले. त्यानंतर काही आठवड्यांतच, ६ एप्रिलला, जर्मनीने युगोस्लाव्हियावर आक्रमण केले आणि दरीतील खेळ थांबला.

युद्धानंतर टेकडीची डागडुजी झाली. १९४८ मध्ये स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ त्शानेनने १२० मीटरवर उतरून विक्रम पुन्हा प्लानित्साच्या नावावर केला. 

जागतिक महासंघाचा विरोध कशासाठी होता?

स्की जम्पिंगचा जन्म नॉर्वेचा. तेथे लांबीइतकेच महत्त्व शैलीला होते. उडी डौलदार हवी, उतरणे तोल सांभाळून हवे. आंतरराष्ट्रीय स्की महासंघावरही याच विचाराचा पगडा होता. अधिकृत स्पर्धांसाठी टेकडीचा आकार ८० मीटरच्या आसपास मर्यादित ठेवावा, अशी भूमिका होती. त्याहून मोठ्या टेकड्या म्हणजे खेळाडूंच्या जिवाशी खेळ आणि प्रेक्षकांसाठी तमाशा, असा आक्षेप होता.

हा आक्षेप निव्वळ हट्ट नव्हता. या खेळात हाडे मोडत होती, माणसे दगावत होती. प्लानित्साला त्यामुळे अधिकृत पाठबळ मिळेना. १९३६ मध्ये नॉर्वेच्या खेळाडूंना त्यांच्याच संघटनेने येथे उडी घेण्यास मनाई केली. परिणामी १०० मीटरच्या ऐतिहासिक दिवशी या खेळाचे माहेरघर असलेल्या देशाचे विजेते मैदानाबाहेर होते.

तोडगा निघाला तो नावातून. एवढ्या लांब उड्यांना उडी न म्हणता ‘स्की उड्डाण’ म्हणावे आणि त्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहावे, असा मार्ग पुढे आला. १९३८ मध्ये महासंघाने या स्वरूपात त्याला मान्यता दिली. आज स्की उड्डाण ही स्वतंत्र जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा आहे. तिची पहिली आवृत्ती १९७२ मध्ये झाली, तीही प्लानित्सातच.

मोठी टेकडी अधिक धोकादायक असते का?

ब्लौदेक यांच्या कामाचे मर्म या प्रश्नात आहे. पहिल्या नजरेत उत्तर ‘हो’ असेच वाटते. पण टेकडीचे शास्त्र वेगळे सांगते.

स्की जम्पिंगच्या टेकडीचे तीन भाग असतात. पहिला धावमार्ग, ज्यावरून घसरत खेळाडू वेग घेतो. आजच्या मोठ्या टेकडीवर हा वेग ताशी ९० किलोमीटरच्या घरात असतो. उड्डाणाच्या टेकडीवर तो १०० च्या पुढे जातो. दुसरा भाग म्हणजे धावमार्गाच्या टोकाचा उड्डाणकट्टा. तो वर उचललेला असतो असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात आजच्या टेकड्यांवर तो सुमारे १०-११ अंशांनी खालीच झुकलेला असतो. उसळी मिळते ती खेळाडूच्या पायांतून. तिसरा भाग उतरण्याचा उतार.

खरी मेख या तिसऱ्या भागात आहे. हवेतील माणसाचा मार्ग वक्र असतो. उताराची वक्रता त्या मार्गाशी जवळपास समांतर ठेवली, तर खेळाडू जमिनीपासून फार उंच कधी जातच नाही; तो उताराच्या वर काही मीटरच असतो. उतरताना त्याचा वेग प्रचंड असला तरी तो बहुतांश उताराच्या दिशेने असतो. जमिनीवर आदळण्याच्या दिशेने फारच थोडा. म्हणून १०० मीटर लांब उडीनंतरचा धक्का एखाद्या बुटक्या भिंतीवरून उडी मारल्यासारखा असू शकतो. मात्र उतार चुकीचा आखला, तर ५० मीटरची उडीही पाय मोडू शकते. सपाट जमिनीवर उतरणे सर्वांत वाईट. त्यामुळेच उतार जिथे सपाट होऊ लागतो, त्याच्या अलीकडे उतरणे महत्त्वाचे असते. तो बदल जिथे सुरू होतो त्या जागेला आज के-पॉइंट म्हणतात. गुण मोजण्याचा आधारही तोच.

थोडक्यात, धोका लांबीत नसतो, तो आकारात असतो. विमानाच्या पंखाची वक्ररेषा आखणाऱ्या माणसाला हे इतरांआधी उमगले, यात नवल नाही. टेकडी लहान ठेवणे हा धोक्यावरचा उपाय नसून ती नीट आखणे हा उपाय आहे, ही ब्लौदेक यांची भूमिका होती. महासंघाशी चाललेला वाद त्यांनी प्रत्येक हंगामात टेकडीच्या उतारावरच लढवला.

हाच विचार घेऊन त्यांनी लहान-मोठ्या शंभराच्या आसपास टेकड्यांचे आराखडे केले. गावच्या मुलांनी जवळच्या लहान टेकडीवर सुरुवात करावी आणि तेथून मोठ्या टेकडीकडे यावे, अशी त्यामागची साखळी होती.

ब्लौदेक यांची अखेरची वर्षे कशी होती?

१९४८ मध्ये ब्लौदेक आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सदस्य झाले. युगोस्लाव्हियाचे हे प्रतिनिधित्व त्यांनी अखेरपर्यंत केले. मात्र याच काळात प्लानित्साची मक्तेदारी संपत होती. १९५० मध्ये जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ येथे नवी उड्डाणटेकडी उभी राहिली आणि स्वीडनच्या डान नेट्झेलने तेथे १३५ मीटरची उडी घेतली. ऑस्ट्रियातील कुल्म येथेही उड्डाणटेकडी झाली. ज्या कल्पनेवर टीका झाली होती, तीच आता शेजारी देश अधिक मोठ्या आकारात राबवत होते. ब्लौदेक यांच्या दृष्टीने हा विजय होता आणि त्यांची टेकडी मागे पडण्याची सुरुवातही.

२६ नोव्हेंबर १९५९ रोजी ल्युब्लियानात त्यांचे निधन झाले. वय ६९. स्लोव्हेनियातील सर्वोच्च क्रीडा सन्मान गेली कित्येक दशके त्यांच्या नावाने दिला जातो.

टेकडी कोसळण्याची वेळ का आली?

ब्लौदेक यांच्यानंतर प्लानित्साचा वारसा व्लाडो आणि यानेझ या गोरिशेक बंधूंनी पुढे नेला. त्यांनी त्याच दरीत ‘लेताल्नित्सा’ ही आणखी मोठी उड्डाणटेकडी बांधली. १९६९ मध्ये ती खुली झाली आणि पूर्व जर्मनीच्या मान्फ्रेड वोल्फने तेथे १६५ मीटरचा विक्रम केला. १७ मार्च १९९४ रोजी फिनलंडचा टोनी निएमिनेन तेथेच २०३ मीटरवर उतरला. २०० मीटरपलीकडे पायांवर उतरलेला तो पहिला माणूस. विक्रम, दूरचित्रवाणीचे कॅमेरे आणि हजारोंची गर्दी आता नव्या टेकडीकडे गेली.

जुन्या टेकडीला लोक ‘ब्लौदकोवा वेलिकांका’ म्हणत, म्हणजे ब्लौदेक यांची महाकाय. विश्वचषक मालिका १९७९-८० मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्याच हंगामात येथे स्पर्धा झाली होती. तरीही हळूहळू तिच्याकडे दुर्लक्ष होऊ लागले. स्की जम्पिंगची टेकडी वापरात नसली की फार काळ तग धरत नाही. दर हिवाळ्यात बर्फाचे वजन, वसंतात वितळलेल्या पाण्याची धूप आणि उतारावरची सरकती माती यांचा मारा सतत सुरू असतो. त्यातच खेळाचे तंत्र बदलले. १९८० च्या दशकात स्वीडनच्या यान बोक्लेव्हने स्कींची टोके दूर ठेवून उडण्याची ‘व्ही’ आकाराची पद्धत रूढ केली. खेळाडू हवेवर अधिक तरंगू लागले आणि जुन्या उतारांचे गणित कालबाह्य झाले. दुरुस्ती करायची तर नव्यानेच बांधणे भाग होते. निर्णय लांबत गेला आणि २००१ मध्ये टेकडी कोसळली.

तोवर स्लोव्हेनियाला स्वतंत्र होऊन दहा वर्षे झाली होती. ज्या दरीने या छोट्या राष्ट्राला जगाच्या नकाशावर ओळख दिली, त्या दरीतील मूळ टेकडीच भग्नावस्थेत होती. प्रश्न केवळ स्मारकाचा नव्हता. उड्डाणाच्या अजस्र टेकडीवर रोज सराव करता येत नाही आणि ऑलिम्पिकमध्ये स्पर्धा होते ती मध्यम आणि मोठ्या टेकड्यांवर. प्लानित्साकडे जगातील सर्वांत प्रसिद्ध उड्डाणटेकडी होती. पण ऑलिम्पिक दर्जाची मोठी टेकडी नव्हती.

पुनरुज्जीवन कसे झाले?

दशकभराच्या प्रतीक्षेनंतर २०११ मध्ये कामाला सुरुवात झाली आणि २०१२ मध्ये नवी टेकडी खुली झाली. जागा तीच, नाव तेच. आकार मात्र आजच्या नियमांनुसार. तिचा के-पॉइंट १२५ मीटरवर आहे. शेजारी मध्यम आकाराची टेकडीही बांधण्यात आली. उतारांवर प्लास्टिकचे आच्छादन असल्याने उन्हाळ्यातही उड्या घेता येतात. हवामानबदलामुळे बर्फाचा भरवसा कमी होत चालला असताना याचे मोल मोठे आहे. डिसेंबर २०१५ मध्ये लहान मुलांच्या टेकड्यांसह संपूर्ण नॉर्डिक केंद्र सुरू झाले. लहान टेकडीकडून मोठीकडे नेणारी ब्लौदेक यांची साखळी एकाच दरीत साकारली.

नॉर्डिक जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या यजमानपदासाठी प्लानित्साने अनेकदा प्रयत्न केले आणि नकार पचवले. अखेर २०२३ चे यजमानपद मिळाले. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्लौदेक यांच्या टेकडीवर पुरुषांच्या वैयक्तिक स्पर्धेत स्लोव्हेनियाचा टिमी झायत्स विजेता ठरला. पुरुषांचे सांघिक सुवर्णही यजमानांनीच जिंकले. महिलांच्या स्पर्धेत कॅनडाची अलेक्झांड्रिया लुटिट जगज्जेती झाली. १९३६ मध्ये जिथे केवळ पुरुष उडी घेत होते, तिथे महिलांचे जागतिक सुवर्ण निश्चित झाले, हा बदलही या टेकडीने पाहिला.

या कथेचे महत्त्व काय?

विक्रमांच्या यादीत ब्लौदेक यांची टेकडी पुन्हा येण्याची शक्यता नाही. २५० मीटरपलीकडची उड्डाणे लेताल्नित्सा किंवा नॉर्वेतील विकरसुंड यांसारख्या टेकड्यांवरच होतील. पण ब्लौदेक यांना हव्या असलेल्या गोष्टीचे मोजमाप वेगळे आहे. मित्राचा जीव घेणाऱ्या अपघातानंतर त्यांनी उड्डाणाचा ध्यास सोडला नाही, त्याला सुरक्षित आकार देण्याचा प्रयत्न केला. टेकडी योग्य आखली तर माणूस लांब जाऊनही सुखरूप उतरू शकतो, हे तत्त्व आज जगातील प्रत्येक मोठ्या टेकडीच्या आराखड्यात गृहीत धरले जाते.

त्याची दुसरी बाजूही प्लानित्साने दाखवून दिली. देखभाल थांबली की मोठ्या नावाची टेकडीही ढासळते. अनेक दशके निगुतीने राखलेली टेकडी जमीनदोस्त व्हायला काही वर्षांचे दुर्लक्ष पुरले, आणि ती परत उभी करायला दहा वर्षे लागली. आज हिवाळ्यातच नव्हे, तर उन्हाळ्यातही शालेय वयाची मुले तेथे स्की खांद्यावर टाकून पायऱ्या चढताना दिसतात. टेकडी जिवंत राहण्यासाठी याहून चांगली व्यवस्था नाही.